चुका शून्य

"तीन आठवडे दे, मावशी. तुझ्या वर्गात चूक औषधालासुद्धा सापडणार नाही!" भाच्याने छातीठोक सांगितलं. मावशी तेव्हा सव्विसावी वही तपासत होती आणि तिचं लाल पेन आचके देत होतं.

भाचा नुकताच संख्याशास्त्र शिकून आलेला. जेवतानाही घास मोजणारा! मावशीच्या शाळेत तो सारखा डोकवायचा, तिथे शिक्षकांच्या खोलीत त्याला टक्केसाहेब म्हणत. मावशी तिथे जर्मन शिकवायची. मुलांचं शुद्धलेखन सुधारलं नाही, तर सत्र संपताच वर्ग बंद, असं मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं होतं. बावीस वर्षांचा वर्ग!

भाच्याने प्रोग्रॅम रचला. मुलांनी संगणकावर जर्मनमध्ये निबंध लिहायचा. शब्द चुकला की लाल दिवा, जमला की हिरवा. कोण कुठे अडखळतं, किती वेळा खोडतं, सगळ्याची नोंद. तुलना नीट व्हावी म्हणून दर आठवड्याला विषय एकच: 'माझ्या घरातलं माणूस'.

पहिल्या आठवड्यात पडद्याला गोवर आल्यासारखे लाल ठिपके. दुसऱ्यात निम्मे. तिसऱ्यात शून्य!

"मला हे बरं दिसत नाही रे," मावशी म्हणाली. "वर्ग फार गप्प झालाय."

"एकाग्रता, मावशी!"

"मयताला आल्यासारखी बसतात पोरं. तू निबंध वाचलेस का?"

"आलेख आहे की! निबंध कशाला वाचायचे?"

पालकसभेत भाच्याने तो आलेख भिंतभर दाखवला. टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक बाई उठल्या. "माझ्या मुलीचा निबंध वाचता का? आजोबांवर लिहिलाय. दोन महिने झाले त्यांना जाऊन."

भाच्याने निबंध उघडला. मावशीने पालकांसाठी एकेका वाक्याचा अर्थ सांगितला. "आजोबा आहेत. आजोबा नाहीत. खुर्ची आहे."

"पुढे?"

"संपला." मावशीचा आवाज खाली गेला. "पहिल्या आठवड्यात हिने दोन पानं लिहिली होती. एकेचाळीस चुका. आजोबा कवळी काढून बशीत ठेवायचे आणि कवळीलाही 'झोप आता' म्हणायचे... सगळं होतं त्यात."

भाच्याने घाईने दुसरा निबंध उघडला. "आई आहे. घर आहे." तिसरा. "बाबा आहेत. बाबा नाहीत." लाल दिव्याच्या धाकाने अख्खा वर्ग सात-आठ खात्रीच्या शब्दांत राहायला गेला होता!

"बाई, माझं मोजायचं चुकलंय," भाचा पहिल्या रांगेतल्या मुख्याध्यापिकाबाईंकडे वळून चाचरला.

"चुकलंय कुठे? चुका शून्य!" बाई प्रसन्न हसल्या. "म्हणजे मुलांचं जर्मन शिकून झालं. आता वर्ग हवाय कशाला?"

मावशीने पेनाला टोपण लावलं.

संध्याकाळी भाचा मावशीला माफीचं पत्र लिहायला बसला. जर्मनमध्ये, त्याच प्रोग्रॅमवर. पहिलं वाक्य लाल. खोडलं. दुसरं लाल. तेही खोडलं. तासाभराने पत्र गेलं: "मावशी आहे. मी आहे." सगळे दिवे हिरवे!

मावशीचं उत्तर लगेच आलं. तेही बिनचूक.

"वर्ग नाही."