वॉर्निश वाळेपर्यंत

तिसरा हात देऊन झाला आणि श्रीधर केळकरांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. समोर मुलांच्या खेळघराची सहा फुटांची पाइनची जमीन ओल्या काचेसारखी चमकत होती. जमिनीच्या पलीकडे दार होतं. केळकर अलीकडे, मागच्या कोपऱ्यात, दीड चौरस फूट कोरड्या लाकडावर उकिडवे बसले होते.

ही चूक दुसऱ्या कुणाच्या हातून झाली नसती. केळकरांनी एकतीस वर्षं एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत वॉर्निश वाळण्याचा वेळ मोजला होता. तपासणी व्हायची ती सहा इंच बाय चार इंचांच्या पत्र्यावर. पत्रा डावीकडून उजवीकडे रंगवायचा, हा नियम. खेळघराचं दार डावीकडे होतं. एरवी ते मागच्या कोपऱ्यापासून सुरुवात करत; आज घाईत हात जुन्या नियमाने गेला. सहा इंचांच्या पत्र्यात आजवर कुणी अडकलं नव्हतं.

"अहो, चहा!" वासंतीबाईंनी दारातून वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "या की बाहेर. दोन तर पावलं आहेत."

"दोन पावलं उमटतील."

"उमटू देत."

"वासंती, तिसरा हात आहे. उमटली तर कायमची उमटतील. आणि अकराला सभा आहे."

खरी अडचण सभेची होती. कर्वेनगरातल्या त्या सोसायटीत फ्लॅट होते चोवीस. घरोघरी कुणी ना कुणी कॉम्प्युटरमध्ये नोकरीला लागल्यापासून गाड्या झाल्या होत्या एकतीस. बागेच्या कोपऱ्यातलं मुलांचं लाकडी घर हलवलं तर आणखी दोन गाड्या बसतील, असा अर्ज पहिल्या मजल्यावरच्या केदारने केला होता आणि आज त्यावर हात वर होणार होते. केळकरांना चारचौघांत बोलता येत नसे. म्हणून त्यांनी ठरवलं होतं, की घरालाच बोलू द्यावं. भिंती कालच वाळल्या होत्या; सातला जमिनीचा हात संपेल, चार तासांत वॉर्निश वाळेल, अकराला लोक येतील आणि बघतील.

बघण्यासारखं ते होतंच. परदेशातून आलेल्या यंत्रांच्या खोक्यांचं पाइन. वैजनाथ सुताराने सलग अकरा रविवार खपून फळीत फळी अशी बसवली होती, की सांध्यात पोस्टकार्डाची कडही जात नव्हती. पण पाइनला पाऊस सोसत नाही. म्हणून दर मे महिन्यात केळकर ते घासून, पुसून, आतून-बाहेरून तीन हात देत. तारीख, हवेतली आर्द्रता, वाळायला लागलेला वेळ, सगळं नोंदवहीत.

साडेसातला वैजनाथ बिजागऱ्यांना तेल द्यायला आला. वाशिमकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. खिडकीतून डोकावून तो म्हणाला, "अरे बापा!"

"वैजनाथ, काही उपाय आहे का?"

"हाये ना जी. वाळू द्या."

मग तो नळापाशी वासंतीबाईंशी हळू आवाजात काहीतरी बोलला आणि तेलाची बाटली घेऊन बिजागऱ्यांपाशी बसला.

आठला वासंतीबाईंनी पोह्यांचा डबा कपडे वाळत घालायच्या काठीला टांगून खिडकीतून आत सरकवला. डबा ओल्या जमिनीवरून हेलकावे खात निघाला. एक शेंगदाणा जरी पडला असता तरी केळकरांनी प्राण सोडला असता.

"वर धर! अजून वर! डावीकडे!"

"माझी डावी म्हणजे तुमची उजवी. गप्प बसा आणि घ्या."

नऊला मुलं आली. केदारची सहा वर्षांची सोनू सगळ्यांत पुढे. दारावर 'ओले आहे' अशी पाटी होती. खिडकीवर नव्हती.

"आजोबा, तुम्हाला शिक्षा झालीये?"

"नाही. वॉर्निश वाळतंय."

सोनूने विचार केला. "आजोबा अस्वल आहेत," तिने जाहीर केलं. "हा पिंजरा आहे. तिकीट काढा."

केळकर म्हणाले, "मी अस्वल नाही."

"अस्वल बोलत नसतं."

केळकर गप्प बसले. तासाभरात काठीला बांधून दोन केळी आली, एक पेरू आला. रांग लागली. रांगेत घुसण्यावरून भांडण झालं आणि अस्वलानेच ते मिटवलं. तीन वर्षं हे घर त्यांनी घासलं होतं, मोजलं होतं. आत बसून खिडकीतली तोंडं बघायची वेळ पहिल्यांदाच आली. खिडकीची उंची त्यांनी अडीच फूट ठरवली होती, ती बरोबर होती. सगळ्यांत धाकट्याची हनुवटी चौकटीवर नेमकी टेकत होती.

सव्वादहाला त्यांनी अंगठा टेकवून पाहिला. चिकट. हवा दमट होती आणि दार-खिडकी मुलांनी अडवली होती. साडेदहाला चिकट. पावणेअकराला चिकटच.

अकराला खेळघरासमोर सतरंजी पडली. सेक्रेटरी सुनीतीबाई म्हणजे निवृत्त भूगोलशिक्षिका. त्यांनी हजेरी घेतली आणि चष्म्यावरून खिडकीकडे पाहिलं.

"केळकर, सभेला बाहेर बसायची पद्धत आहे."

"वॉर्निश ओलं आहे."

"किती वाजेपर्यंत?"

"हवेवर आहे."

"बरं. हवेच्या संमतीने सभा सुरू करते."

केदार उठला. "हे बघा, मी काकांच्या अगेन्स्ट नाही. पण प्रॅक्टिकली बघा ना, खोक्यांचं लाकूड आहे. उद्या पाच मुलं आत गेली आणि पडलं तर रिस्पॉन्सिबल कोण?"

केळकर घसा खाकरून एवढंच म्हणाले, "माझं वजन अडुसष्ट किलो आहे. चार तास एका कोपऱ्यात आहे."

अडुसष्ट किलो एका कोपऱ्यात ठेवून ते घर चार तासांत करकरलंसुद्धा नव्हतं.

केदार खिडकीपाशी आला, वाकला, चौकटीवरून बोट फिरवलं. मग भिंतीवरून. मग पुन्हा, सावकाश.

"काका, खिळे कुठायत?"

"बिजागऱ्यांना स्क्रू आहेत. सोळा. बाकी नाहीत."

"म्हणजे हे सगळं नुसतं एकमेकांत बसवलंय?"

"वैजनाथने."

केदारने आत पाहिलं. छताच्या फळीवर आतल्या बाजूने, वॉर्निशखाली, एक फिकट शिक्का होता. त्याच्याच कंपनीचा. ही खोकी तीन वर्षांपूर्वी त्यानेच भंगारात काढली होती. "मी तर ही जाळायला सांगितली होती," तो पुटपुटला.

"बाबा," सोनूने त्याचा शर्ट ओढला, "घर पाडलं की अस्वल पण पाडणार?"

सुनीतीबाईंनी पेन उघडलं. "घर हटवावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. आत गृहस्थ आहेत, हे लक्षात ठेवून."

एकही हात वर गेला नाही. केदारचे दोन्ही हात तर खिडकीच्या चौकटीवरच होते. तो अजून सांधा शोधत होता.

सभा पांगली. वैजनाथ खेळघराच्या मागे गेला. खट्, खट्, असा लाकडी खुंट्या निघाल्याचा आवाज झाला, आणि केळकरांच्या पाठीमागची भिंत अख्खीच्या अख्खी, कपाटाचं दार निघावं तशी, बाहेर निघाली. उन्हात वैजनाथ उभा होता.

"या जी काकाजी."

केळकर उठले, गुडघे चोळत बाहेर आले आणि वळून त्या कडेकडे बघत राहिले. घराचा आराखडा त्यांचा होता. त्यात ही भिंत निघत नव्हती.

"ही निघते?"

"दरसाल आतून हात द्या लागते ना. माणूस अडकन, हे मले पयल्याच दिवशी समजलं होतं."

"मग सकाळी का नाही बोललास?"

वैजनाथ खुंट्या पुसत राहिला. उत्तर वासंतीबाईंनी दिलं. "मीच नको म्हटलं. तुम्ही सभेत बोलणार नाही हे मला माहीत. आणि आत माणूस बसलेला असताना घर पाडा असं कोण म्हणणार?"

केळकर रागावणार होते. पण आधी त्यांना त्या भिंतीची कड हाताने बघायची होती. तीन वर्षं त्यांनी ती घासली होती, नऊ हात दिले होते, आणि सांधा त्यांना दिसला नव्हता. बोट फिरवून झालं तेव्हा राग कशाचा होता ते आठवेना.

"वैजनाथ," ते म्हणाले, "फार छान."

संध्याकाळी त्यांनी नोंदवही उघडली. तारीख लिहिली, आर्द्रता लिहिली, वाळायला लागलेला वेळ लिहिला: सहा तास दहा मिनिटं. मग थोडा विचार करून खाली एक ओळ लिहिली.

'पुढील वर्षी हात देण्यापूर्वी सुनीतीबाईंकडून सभेची तारीख घेणे. सुरुवात दारापासूनच.'