चष्मेवाल्यांचे चौदा रॉड

"लिही," भाऊजी म्हणाले. "ज्यांच्या नजरेतून मुंगीचा सुस्कारासुद्धा सुटत नाही..."

"सुस्कारा दिसत नाही भाऊजी, ऐकू येतो."

"तुला ऐकू येत असेल. मला दिसतो. लिही. ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने अट्टल गुन्हेगारांना दरदरून घाम फुटतो, असे रहस्यभेदक, कूटसंहारक, सूक्ष्मदर्शी गुप्तहेर. खाली पत्ता. आणि पत्त्याखाली, 'बेल बिघडली आहे, कडी वाजवावी.'"

मी जाहिरात लिहून घेतली. न लिहून सांगते कुणाला? माझी नोकरी सुटली तेव्हा ताई म्हणाली होती, "दुसरी मिळेपर्यंत ह्यांच्यापाशी बस बाई. तेवढाच वेळ माझ्या पायात पायात येणार नाहीत." त्याला आता आठ महिने झाले. ह्या आठ महिन्यांत आमच्या सूक्ष्मदर्शींनी एकच मोठी कामगिरी केली. रोज ठरावीक वेळी ठरावीक घरांशी घुटमळणाऱ्या एका संशयिताचा तीन दिवस पाठलाग करून त्याला रंगेहाथ पकडलं. तो पोस्टमन होता.

ऑफिस म्हणजे ताईच्या बाल्कनीला काचा लावून केलेली खोली. एका बाजूला भाऊजींचं टेबल, दुसऱ्या बाजूला धुण्याचं मशीन. कपडे पिळायची वेळ झाली की अख्खं ऑफिस थरथरतं. त्या दिवशी ते तसंच थरथरत असताना एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, पण चेहरा ओढलेला.

"थांबा, काही बोलू नका," भाऊजींनी डोळे बारीक केले. "तुम्ही घोडेस्वारी करता."

"मी दातांच्या दवाखान्यात पेशंटना नंबर देते."

"तेच ते! घोड्यालाही दात असतात. बोला."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. दुसरीकडे कुठे जायचं असतं तर त्या इथे आल्याच नसत्या.

"माझ्या नवऱ्याकडे चौदा आहेत," त्या म्हणाल्या.

भाऊजी खुर्चीतून अर्धे उठले. "पिस्तुलं?"

"रॉड हो. मासे धरायचे. रिळासकट. चौदा सेट!"

मग सगळं बाहेर आलं. बाईंची आई एकटी राहते, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. गेल्या महिन्यात जिन्यात पाय मुरगळला, आणि कुणी वर-खाली करेपर्यंत दोन तास ती पायरीवर बसून होती. डॉक्टरांनी जिना बंद सांगितलाय. बाईंच्या घरात एक छोटी खोली आहे, पण त्या खोलीत रॉड आहेत.

"हे म्हणतात, आई यायला माझी काही हरकत नाही, पण खोलीतली एकही वस्तू जास्तीची नाही. एक जरी रॉड बिनगरजेचा निघाला तर खोली रिकामी करून देतो म्हणाले." बाईंचा आवाज चिरकला. "तुम्ही मला एवढंच शोधून द्या, माणसाला मासे धरायला रॉड लागतात तरी किती? रविवारी आईला दोघांकडून खुर्चीत खाली उतरवून जेवायला आणतेय. तिला मी काय सांगू? रॉडांना जागा आहे, तुला नाही?"

मला एकदम भरून आलं. आणि राग आला तो वेगळाच. चौदा काठ्या भिंतीला टेकून आरामात, आणि म्हातारी पायरीवर!

"काळजी सोडा," भाऊजी म्हणाले. "मासा गळाला लागलाच म्हणून समजा."

त्यांना वाटलं, मी ह्यावर हसेन.

बाईंचा नवरा म्हणजे कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानाचा मालक. सगळे त्यांना चष्मेवाले म्हणतात. चोपन्न वर्षांचे, पण केस काळे कुळकुळीत, आणि ते कसे राहतात हे न विचारलेलं बरं. आम्ही गेलो तेव्हा ते पेपर वाचत होते. दोन्ही हात लांबच्या लांब ताणून, मान मागे टाकून.

"पाहिलंस?" भाऊजी माझ्या कानाशी पुटपुटले. "पेपर स्वतःसाठी धरलेलाच नाही. समोरच्या बिल्डिंगमधल्या साथीदाराला दाखवतोय. खूण आहे ती."

समोरच्या बिल्डिंगमध्ये एक आजोबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. भाऊजींनी तेही वहीत टिपायला लावलं.

बाईंनी आम्हाला रॉड तपासायला नेमलंय म्हटल्यावर चष्मेवाल्यांनी घरी नेऊन खोली दाखवली, ती देवघर दाखवावं तशी, चपला बाहेर काढायला लावून. भिंतीभर खुंट्या, खुंट्यांवर रॉड, आणि प्रत्येक रॉडच्या रिळावर एकेक जुना मोजा चढवलेला. खोलीत पाय ठेवायला जागा होती ती माझ्यापुरती. भाऊजी दारातच आडवे उभे राहिले.

"हा सकाळच्या पाण्याचा," चष्मेवाल्यांनी सुरुवात केली. "हा ढगाळ हवेचा. हा भित्र्या माशांसाठी. हा जरा गर्विष्ठ मासे असतात, त्यांच्यासाठी. आणि हा, विचारी माशांचा."

विचारी मासा ह्यांच्या गळाशी यायचा कशाला, हे मी विचारलं नाही. त्याऐवजी विचारलं, "ह्या वर्षी मासे किती मिळाले?"

"आकड्यात नसतं हो हे."

"तरी पण?"

"एक," स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला. "तोही शेजारच्या माणसाच्या टोपलीतून उडी मारून ह्यांच्या डब्यात पडला होता. परत करावा लागला."

चष्मेवाल्यांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. खिशातून एक चपटी डबी काढून भाऊजींपुढे धरली. "ह्याच्यावर गळाचा नंबर लिहिलाय बघा. काय आहे, वाचा बरं?"

भाऊजींनी नंबर वाचला आणि बाहेर पडल्या पडल्या माझं मनगट आवळलं. "माझी परीक्षा घेत होता! स्वतःच्या डबीवरचा नंबर स्वतःला माहीत नसतो कुणाला? आणि ते मोजे! मोजा कशासाठी असतो?"

"पायासाठी."

"झाकण्यासाठी! रॉड पोकळ असतात, मेहुणीबाई. आत काय आहे, विचार कर."

दुसऱ्या दिवशी चष्मेवाले दुकानात गेल्यावर भाऊजींनी बाईंच्या परवानगीने एक रॉड ऑफिसात आणला, त्याचं टोपण काढलं आणि आत काय आहे ते कळावं म्हणून तोंड लावून जोरात श्वास ओढून घेतला. आत कोळी होता. पुढचा अर्धा तास ताईच्या बेसिनशी गेला.

म्हणून पहिला तर्क, तस्करीचा, मागे घेण्यात आला. दुसरा लगेच आला. चौदा रॉड म्हणजे चौदा माणसं. टोळी. हे चष्मेवाले फक्त त्यांचे रॉड सांभाळतात. ह्या तर्काला पुरावा काय, तर चौदा रॉड. तिसरा तर्क असा की रॉड मुळात रॉडच नाहीत. मग काय आहेत, हे मात्र भाऊजी सांगेनात. "वेळ आल्यावर कळेल," म्हणाले. उथळ पाण्याला खळखळाट फार म्हणतात, इथे तर पाणीच नव्हतं.

शनिवारी आम्ही तळ्यावर गेलो. झुडपामागे बसलो. भाऊजींनी डोक्यात डहाळ्या खोचल्या होत्या, त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून आमच्याकडे बघत होता.

चष्मेवाले आले. चौदापैकी एकच रॉड घेऊन आले. मोठ्या रुबाबात दोरा फेकला, आणि तो डोक्यावरच्या फांदीत गेला. ओढला, सुटला, परत फेकला. तिसऱ्या फेकीला रिळातून दोऱ्याचा भला मोठा पुंजका बाहेर आला. चष्मेवाल्यांनी रीळ हातभर लांब धरलं, उन्हाकडे फिरवलं, डोळे मिचकावले, दोनचार हिसके दिले. पुंजका दुप्पट झाला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, खिशातून मोजा काढला, रिळावर चढवला आणि चालू पडले. अवघ्या दहा मिनिटांत.

"पुरावा झाकला!" भाऊजी.

आम्ही मागोमाग. चष्मेवाले तडक गळ-रिळाच्या दुकानात शिरले आणि बाहेर आले ते नवा कोरा रॉड घेऊनच. पंधरावा.

"आता?" मी विचारलं.

"टोळीत नवा माणूस भरती झाला," भाऊजी गंभीर होऊन म्हणाले.

खरं सांगते, मलाही काही कळलं नव्हतं. मला वाटलं, निव्वळ मूर्खपणा आहे. तेवढाच माझा तर्क. पण रविवार उद्यावर आला होता, आणि मूर्खपणा हा काही खोली रिकामी करायचा पुरावा होत नाही. तसा होत असता तर ताईची बाल्कनी केव्हाच मोकळी झाली असती.

रविवारी आजी आल्या. काटकुळ्या, काठीवर रेलून, हातात छोटी पिशवी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. आल्या आल्या लेकीला म्हणाल्या, "मी जेवून जाते हो. त्यांना अडचण नको." बाई पोळपाट जोरजोरात आपटत राहिल्या.

जेवणं झाली. भाऊजींनी सगळ्यांना बैठकीत बसवलं, स्वतः उभे राहिले, खाकरले. घाम कुणालाच फुटला नाही.

"ह्या घरात," ते म्हणाले, "कुणीतरी जे आहे ते नाही."

पुढची वीस मिनिटं ते पेपरची खूण, समोरचे कुंडीवाले आजोबा, डबीवरचा सांकेतिक नंबर आणि मोज्यांचं कारस्थान ह्यावर बोलले. चष्मेवाल्यांचा चेहरा आधी भांबावला, मग खुलला. ह्या माणसाकडून आपल्याला काही धोका नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. "मग ठरलं ना?" ते म्हणाले. "जास्तीचा एकही निघाला नाही. पंधराच्या पंधरा लागतात."

बाईंनी मान खाली घातली. त्या रडत होत्या. मला त्या दोन्ही पुरुषांच्या डोक्यात एकेक रॉड घालावासा वाटला. निदान दोन तरी कामी आले असते.

आणि मग लक्षात आलं, आजी जागेवर नाहीत.

त्या छोट्या खोलीत होत्या. स्टुलावर बसल्या होत्या, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर एक रॉड, आणि पायाशी मोज्यांचा ढीग. पंधराही रिळं उघडी पडली होती. कालचं कोरं सोडलं तर एकूण एक गुंतलेलं! कुठे चिमणीचं घरटं, कुठे नुसताच गोळा. आजींची बोटं मात्र भराभरा चालली होती.

"तीस वर्षं विणकामाच्या कारखान्यात होते मी," त्या मान वर न करता म्हणाल्या. "ह्याहून वाईट गुंते जेवणाच्या सुट्टीत सोडवलेत. जावईबापू, दोरा गुंतला की तुम्ही नवा रॉडच आणता की काय?"

चष्मेवाले खाली वाकून मोजे गोळा करायला लागले.

"सोडवत का नाही?"

"सुटतच नाही हो," चष्मेवाले पुटपुटले. "हल्ली दोरे इतके बारीक काढतात... दिसतच नाहीत. पूर्वीसारखा माल राहिला नाही."

आजींनी चष्म्यावरून त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. पेपर कसा धरतात, डबी दुसऱ्याला का वाचायला लावतात, काही काही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि लेकीला म्हणाल्या, "अगं, ह्यांना चाळिशी लागते."

"चाळीस!" भाऊजी ओरडले. "मी म्हणतच होतो! चौदा नाही, पंधरा नाही, चाळीस! बोला, उरलेले पंचवीस कुठे दडवलेत?"

"अहो, चाळिशी," मी म्हटलं. "चष्मा. जवळचा."

"मला?" चष्मेवाले ताडकन म्हणाले. "मला चष्मा? चष्मेवाला आहे मी! अख्ख्या गल्लीला चाळिशी मी दिली!"

"दिव्याखाली अंधार," आजी म्हणाल्या. "दुकानात नंबर कोण वाचतं?"

"कारागीर," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "पाच वर्षं झाली. मला सांगतात, मालकाने छोटी कामं करायची नसतात. बाई गं, म्हणून होय!"

आजींनी गळ्यातली दोरी काढली आणि आपला चष्मा सरळ जावयाच्या नाकावर चढवला. हातात रीळ दिलं. चष्मेवाल्यांनी ते सवयीने हातभर लांब धरलं, मग हळूहळू जवळ आणलं. बराच वेळ बघत राहिले. एक बोट घातलं, एक पदर ओढला. पुंजका मोकळा झाला.

"अरेच्चा," ते अगदी लहान आवाजात म्हणाले. "दोनच वेढे होते."

"केस सुटली!" भाऊजींनी जाहीर केलं. "लिही, सूक्ष्मदर्शींनी..."

"गप बसा हो," मी म्हटलं. ताई नसली की हे काम माझ्याकडे असतं.

बाई चहाचे कप घेऊन आत आल्या. चष्मेवाल्यांनी नाकावर तो सासूचा चष्मा तसाच ठेवून मान वर केली, आणि बायको कप द्यायला वाकली तेव्हा तिच्याकडे पाहिलं. बघतच राहिले.

"तुझ्या कपाळावर ह्या आठ्या कधी गं आल्या?"

"चौथ्या रॉडच्या वेळी," बाई म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय."

त्यांनी चहा घेतला नाही. उठले आणि एकेक रॉड काढून बाहेर ठेवायला लागले. सकाळच्या पाण्याचा, ढगाळ हवेचा, गर्विष्ठ माशांचा. भाऊजी मध्येच उभे होते, त्यांनाही खांद्याला धरून बाजूला ठेवलं. भिंत मोकळी झाल्यावर ते आजींसमोर येऊन उभे राहिले, खाली मान घालून.

"आई, पलंग कुठे लावू?"

"खिडकीपाशी लावा," आजी म्हणाल्या. "आणि एक खुंटी राहू द्या तुमच्या रॉडला. एकच हं."