मुभेच्या तहाची हकीकत

श्रीगजाननास नमन, कुलस्वामिनीस दंडवत, आणि ज्यांचे घरी अद्याप दोघे गोडीने जेवतात त्यांस विशेष दंडवत. शके सोळाशें त्रेपन्न, विरोधकृत नाम संवत्सरे, एके राज्यीं हैबतराव सरदार व त्यांची स्त्री सगुणाबाई नांदत होते. रावांचे परमस्नेही सिदोजी, त्यांचे व चिमाबाईंचे लग्न मोडले, आणि मोडोन सिदोजी ऐसे फुलले, रंगीत पागोटी बांधू लागले, की तें पाहोन रावांचे जिवास चैन पडेना. बसले की उठावे, उठले की येरझाऱ्या घालाव्या. मग सगुणाबाईंस बोलिले, "लग्न राहो, परंतु दोघांसही मुभा. जेथे मन रमेल तेथे जावे." बाई म्हणाल्या, "बरं." राव हर्षले, परंतु तें "बरं" इतके लौकर का आले म्हणोन घास गोड लागेना. आम्हांस विचारते तर सांगितले असते, पण बखरकारास कोण विचारतो?

मग अत्तर लावोन स्वारी चिमाबाईंचे दारीं गेली. त्या सगुणाबाईंच्या जिवलग. म्हणाल्या, "भावजी, काय काम काढलंत?" राव म्हणाले, "आम्हांस मुभा आहे." बाई वदल्या, "एकाला आत्ताच घालवलाय, तुम्हांला कुठं सांभाळत बसू? घरी जा." राव तैसेच माघारी फिरले आणि पाहतात तो आपलेच ओसरीवर सिदोजी व सगुणाबाई सोंगट्या खेळताहेत, आणि बाई खळखळून हसताहेत. हे हसू रावांनी कैक वर्षे ऐकिले नव्हते. गरजले, "दोस्त म्हणवतोस आणि माझ्याच घरात?" सिदोजी गडबडले, "अरे, मुभा तूच दिलीस ना!" ऐसे बोलोन जोडे हातीं घेऊन पळाले.

मग बाईंस धाक घालावा म्हणोन रावांनी गवताची काडी आणिली. राज्यीं रिवाज ऐसा, की नवराबायकोने दोन टोके धरोन काडी मोडली की काडीमोड जाहला. रावांचा बेत, बाई रडतील, पाया पडतील, आणि आपण मोठ्या मनाने क्षमा करोन मुभा रद्द करू. काडी पुढे केली, आणि "अजून विचार कर" म्हणतात तो बाईंनी ती मोडिली. राव चाचरले, "सगुणा, मी खरंच थोडंच..." बाईंचे डोळे भरोन आले. म्हणाल्या, "मला मुभा नको होती हो. तुम्ही हवे होता. आता नकोत." मग पदराने डोळे पुसोन, पाहुण्यास विचारावे तैसे विचारिले, "जेवून जाणार?"

सारांश, राव मोकळे जाहले. चारी दिशा खुल्या, आणि पाऊल कोणीकडे टाकावे ते सुचेना. घडले तैसे लिहिले. वाचणाराने हसावे, आणि घरी जाऊन एकवार विचारपूस करावी.