तात्यांचे निळे

सोपानतात्यांच्या शेजारी कुणालाही बसता येत नाही, कारण तिथं रुमाल असतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची रीत आपल्याकडं सगळ्यांनाच ठाऊक आहे, पण तात्या ती कुठंही चालवतात. इंदापुरात आमच्या स्टॉपवर एक चहाची टपरी आहे आणि टपरीपुढं एक बाक. सकाळी तात्या त्यावर येऊन बसतात, शेजारी चौकटीचा रुमाल अंथरतात आणि विचारलं की म्हणतात, "मानूस यायचा हाय." बारामतीच्या शाळेत जायला मी रोज त्याच स्टॉपवर उभी असते. उभीच! तो माणूस काही अजून आलेला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर मी त्यांच्या वाटेला गेलेच नसते. पण तात्या इतिहास सांगतात, आणि मी शाळेत इतिहासच शिकवते. तोही कसला, तर देशाच्या फुटबॉल कपाच्या फायनलचा. ऊस, डाळिंब आणि निवडणूक यांच्यापलीकडं ज्या टपरीवर विषय जात नाही, तिथं हा माणूस थेट साहेबाच्या राज्यापासून सुरुवात करतो. कोणत्या फायनलला घोट्याएवढा चिखल होता, कोणती फायनल निकालच लागेना म्हणून पुन्हा खेळवली, कुणाचा गोली अंगात ताप घेऊन उभा राहिला. ऐकणाऱ्यांचा चहा गार होतो. शेवट मात्र दर वेळी एकच: "आन् निळे जितले. लिहून घ्या."

निळे म्हणजे केरळातली एक टीम, निळ्या कपड्यांची. आता प्रत्येक फायनल एकच टीम कशी काय जिंकेल? एक दिवस मला राहवेना, मी मोबाईलवर शोधलं. निळे फायनलपर्यंत बऱ्याचदा पोचलेत आणि जितक्यांदा पोचलेत तितक्यांदा हरलेत. कप त्यांनी एकदाही उचललेला नाही. मी मोबाईल तात्यांच्या हातातच दिला. त्यांनी तो लांब धरून वाचला, जवळ धरून वाचला आणि शांतपणे परत केला. म्हणाले, "तुमचं खरं हाय, बाई. पन आमचं बरं हाय." सगळी टपरी हसली. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

तात्या आमचे शेजारीच. वालचंदनगरला कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन इथं आले. काकू गेल्या, मुलगी पुण्याला दिलेली. परसात पेरूची चार झाडं आहेत. खाली पडलेले पेरू तात्या वाकून उचलत नाहीत, पायानं मारून पाटीत घालतात. एकदा नेम चुकला आणि पेरू आमच्या वरणाच्या पातेल्यात आला. तर वर मलाच ऐकवलं, की गोली जागेवर नव्हता.

या वर्षी निळे पुन्हा फायनलला आले. मी मनाशी ठरवलं, आज यांना मुद्देमालासकट धरायचं. हरताना टीव्हीवर दाखवायचं आणि विचारायचं, आता काय लिहून घेऊ? संध्याकाळी मॅच अर्ध्यावर आल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं.

टीव्ही चालू होता, पण आवाज बंद. समोर दोन खुर्च्या. एकीवर तात्या, दुसरीवर रुमाल. स्टुलावर तांब्याला टेकवून फोन उभा केलेला, आणि तात्या फोनकडं तोंड करून मोडक्यातोडक्या हिंदीत ओरडत होते, "दस नंबर आया, एक को काटा, दूसरे को काटा, और ये गोल!" मी टीव्हीकडं पाहिलं. गोल झाला होता खरा, पण निळ्यांच्याच जाळीत. निळे दोननं मागं होते.

मी तोंड उघडलं. तात्यांनी ओठावर बोट ठेवलं, लगबगीनं उठून माझ्या हातात एक ताट आणि उलथनं दिलं आणि कानाशी येऊन पुटपुटले, "बाई, जरा पब्लिक व्हा."

आता काय सांगायचं! पोरांच्या पेपरात एक सन चुकला तरी मी मार्क कापते. पण फोनमधून एक म्हातारं हसू येत होतं, अगदी लहान पोरासारखं. ते ऐकलं आणि माझा हात आपोआप ताटावर पडला. मी ताट बडवलं, उलथनं वाजवलं, शेवटी "हो हो हो" असं ओरडलेसुद्धा. मॅच संपता संपता तात्यांनी निळ्यांना आणखी एक गोल घालून दिला आणि कप त्यांच्या हातात ठेवला.

पलीकडचा म्हातारा खूश झाला. मग त्यानं विचारलं, "रेडिओवाले, उधर हमारा सोपान आया है क्या? जरा देखो ना."

तात्यांचं ओरडणं थांबलं. माझं ताटही थांबलं.

"है, साब," तात्या म्हणाले. "एकदम सामनेच बैठा है."

"अकेला है?"

"हां. अकेलाच है."

"उसको बोलो, मेरे लिए जगह पकड़ के रखे. मैं आता है."

"पकडी है, साब. रुमाल डाला है."

मग एका बाईचा आवाज आला. तिनं आभार मानले आणि फोन बंद झाला. टीव्हीवर दुसऱ्याच टीमनं कप उचलला होता आणि निळे गवतावर मान खाली घालून बसले होते. तात्यांनी टीव्ही बंद केला.

मग त्यांनी सगळं सांगितलं. म्हातारा म्हणजे जोसेफ. कारखान्यात शेजारच्या मशीनवर, क्वार्टरची भिंतही एकच. फुटबॉल त्यानंच शिकवला. फायनल दोघं क्लबात बघायचे, आधी पोचेल त्यानं दुसऱ्यासाठी रुमाल टाकायचा. रिटायर झाल्यावर जोसेफ गावी केरळला गेला. आता त्याची आठवण पार गेली, निळे तेवढे राहिले. ते हरल्याचं कळलं की दर वेळी पहिल्यांदाच हरल्यासारखा रडतो, जेवत नाही. मागच्या सगळ्या फायनली विचारत बसतो. शेवटी त्याच्या मुलीनं तात्यांना गळ घातली, की फोनवरून तुम्हीच निळ्यांना जिंकवा.

"फोनवर चुकून खरं तोंडात यायचं," तात्या म्हणाले. "म्हनून टपरीवर रोज खोटं बोलतो. सवय ऱ्हाती."

"तुम्हाला ओळखतात का ते?"

"न्हाय. त्याला मी रेडिओ वाटतो." तात्या रुमालाच्या घड्या नीट करत राहिले. "लई दिसांनी आज नाव घेतलं माझं. रेडिओपाशी का हुईना."

मला फार वाईट वाटलं. ताट कुठं ठेवायचं तेही सुचेना. ते हातात धरूनच मी घरी आले आणि एकटीच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी टपरीवर तात्यांची फायनल रंगली होती. निळे जितले म्हटल्याबरोबर सगळे हसले आणि टपरीवाला माझ्याकडं वळला. "बाई, तुमीच सांगा आता. काल कोन जितलं?"

"निळे," मी म्हटलं. "लिहून घ्या."

तात्यांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. रुमाल त्यांनी होता तिथंच राहू दिला, स्वतः मात्र पार कडेला सरकले. इतके, की अर्धे बाकाबाहेर गेले.

"बसा, बाई," ते म्हणाले. "हितं जागा हाय."