काउंट तादेओंचा सज्जा

पिएत्राल्ता नगरपालिकेने श्रीमती ओर्तेन्सिया देल कोर्वो यांना लेखी कळवलं की, त्यांच्या राहत्या घराला एक सज्जा कमी आहे. सदर सज्जा विनापरवानगी नाहीसा केल्याबद्दल तीस दिवसांत खुलासा करावा, तोवर छप्पर दुरुस्तीच्या अर्जाचा विचार होणार नाही.

बाईंनी अर्ज केला होता तो फक्त चार कौलांसाठी. पाणी नेमकं पलंगावर गळत होतं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे दुखरे, आणि तो शिसवी पलंग हलवायचा म्हणजे चार गडी हवेत. चाळीस वर्षं बाईंनी या गावाला लॅटिन शिकवलं; गावाने तितक्याच चिकाटीने ते विसरून दाखवलं.

सज्जा आला कुठून, ते सांगतो. मी नगरपालिकेच्या दप्तरखान्यात एकोणतीस वर्षं कागद सांभाळतो आहे. गावचा जुना नकाशा उंदरांनी खाल्ला, त्याच सुमारास आमच्या गावावर एक व्हिडिओ गेम निघाला. पाचशे वर्षांपूर्वीचं पिएत्राल्ता, गल्लीबोळांसकट. त्यातला खलनायक म्हणजे बाईंचे पूर्वज, काउंट तादेओ देल कोर्वो. काळा झगा, अंगठीत विष, सख्ख्या भावाचा खून. गावच्या विहिरीतही त्यांनी विष कालवलेलं. शेवटी नायक त्यांना सज्ज्यावरून खाली भिरकावतो आणि खेळणाऱ्याला गुण मिळतात.

गेमवाल्यांनी गावातली भिंत न् भिंत मोजली होती. गोष्टीला गरज पडली तिथे थोडी भर घातली होती, पण नेमकी कुठे, हे कोणी विचारलं नाही, कारण नकाशा ते फुकट देत होते. नगरसभेने एकमताने ठराव केला की, यापुढे हाच गावाचा अधिकृत नकाशा. मी सभेत उभा राहून म्हणालो की, काउंट तादेओंच्या हातची रोजची वही माझ्याकडे आहे, एकतीस वर्षांची.

"चित्रं आहेत का त्यात?" नगराध्यक्षांनी विचारलं.

"नाहीत."

सभा पुढच्या विषयाकडे वळली.

नोटीस आल्यावर बाई मला साक्षीला घेऊन बांधकाम खात्यात गेल्या. तिथला अधिकारी फुल्विओ झांकी त्यांचाच विद्यार्थी.

"बसा बाई. सज्जा कुठे गेला?"

"नव्हताच कधी."

"सगळे असंच म्हणतात. मग काउंट पडले कुठून?"

"पडले नाहीत रे ते. म्हातारपणाने गेले, अंथरुणात."

"मृत्यूचा दाखला?"

"अरे, पाचशे वर्षं झाली त्याला!"

"म्हणजे मुदत टळली," फुल्विओ मनापासून हळहळला. "नकाशाप्रमाणे ते पडलेत. न पडल्याचा पुरावा तुमच्याकडे नाही."

मी वही पुढे सरकवली. त्याने तिच्यावर कॉफीचा कप ठेवला.

"बरं बाबा, बांधून घेते सज्जा," बाई म्हणाल्या.

"तसं कसं चालेल? जुन्या घराला नवं काही जोडायला पुरातन वास्तू खात्याची सक्त मनाई आहे. नवा नाही, पाडलेला म्हणा. आमच्या घराण्याने लाजेपोटी तो पाडला, असं लिहून द्या. गुन्हा कबूल केला की माफी मिळते, आणि माफी मिळाली की परत बांधायची परवानगी."

"लाज कसली?"

"विष कालवल्याची."

"फुल्विओ, शाळेत तू शेजारच्याच्या पेपरात बघून लिहायचास. तेव्हाही तू नेमका चुकीचा शेजारी निवडायचास."

"बाई, नियम मी केलेले नाहीत."

"ठाऊक आहे. तू आयुष्यात काहीच केलेलं नाहीस."

बाई तरातरा उठून गेल्या. तीन आठवडे त्यांनी पलंगाला छत्री बांधून काढले. मग खोकला धरला. चौथ्या आठवड्यात त्या स्वतःच्या पायांनी खात्यात आल्या. "लिही. विष घातलं, भाऊ मारला, आणखी काही हवं असेल तर तेही घाल. पण कौलं बसव." बाईंनी सही केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि साक्षीदार म्हणून मी खाली सही केली.

सज्जा झाला. नगराध्यक्षांनी फीत कापली आणि गावाला त्याचा खरा इतिहास परत मिळाल्याचं जाहीर केलं. लोकांनी सज्ज्याकडे बघून आधी शिव्या घातल्या, मग त्याच्याखाली फोटो काढले. बेकरीवाल्या नेल्लाने 'विषाची बिस्किटं' काढली. बदामाची होती, बरी लागली. विहिरीवर कवटीची पाटी लागली, तशी सत्तर वर्षं तेच पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्यांची पोटं दुखू लागली. दवाखान्यात रांग लागली, आणि प्रत्येक जण तादेओंना वेगळी शिवी देत होता.

मग फुल्विओ छपराची फाइल घेऊन बाईंच्या घरी आला. पलंगाशी उभा राहून त्याने वर पाहिलं, हातातल्या नकाशात पाहिलं, आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, हे भोक नकाशात आहे!"

"काय आहे?"

"नायक इथूनच आत उतरतो. बरोबर पलंगाच्या वर! तुमची गळती अधिकृत आहे. बुजवलंत तर मात्र गुन्हा होईल." घर नकाशाशी तंतोतंत जुळत असल्याचा दाखला त्याने जागेवरच लिहून दिला आणि बाईंचं अभिनंदन केलं.

त्या दिवसापासून बाई माझ्या दप्तरखान्यात राहतात. दप्तरखाना खेळात दाखवलेलाच नाही, त्यामुळे त्याचं छप्पर शाबूत आहे. दोन कपाटांच्या मध्ये मी त्यांना खाट टाकून दिली आहे. तिथे बसून त्या काउंट तादेओंची वही वाचतात. मध्येच खो खो हसतात, मध्येच चष्मा काढून डोळे पुसतात. काल तर एका पानाशी इतका वेळ थांबल्या की, मला वाटलं, झोप लागली.

दारात रोज पाहुणे येतात आणि सज्जा कुठे आहे ते विचारतात. मी हात करून दाखवतो. वहीत काय आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. पूर्वी मला नगराध्यक्षांचा राग यायचा, फुल्विओचा तर फारच. आता येत नाही. तुम्ही तर शिकलेसवरलेले वाचक. सज्जा, विष, छपराचं भोक, सगळं मन लावून वाचलंत. वहीतली एक ओळसुद्धा मी तुम्हाला सांगितली नाही, हे तुमच्या तरी कुठे लक्षात आलं?