नानांचा जिना

माणसं मुंबईला जाऊन समुद्र बघून येतात. आमचे गांगुर्डे नाना पायऱ्या बघून यायचे.

"काय नाना, कशी होती मुंबई?" असं कुणी विचारलं, की चपला काढता काढता ते सुरू व्हायचे. "टाऊन हॉलच्या रुंद आहेत, पण दमवतात. एका बँकेत संगमरवरी होत्या. दिसायला झकास, पण घसरड्या. बाईमाणूस पडायचं." विचारणाऱ्याला अर्थातच पायऱ्यांत रस नसायचा. तो "हो का" म्हणून निघून जायचा आणि नाना उरलेल्या पायऱ्या मला सांगायचे, कारण मी शेजारच्या खोलीत राहत होतो आणि मला निघून जायला जागा नव्हती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी मूळचा चांदवडकडचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला पहिला मीच. शाळेत शिक्षकाची नोकरी लागली आणि नाशिकला आलो, तेव्हा सिडकोत एका ओळीनं बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांपैकी एक मिळाली. शेजारी नाना आणि सुमनकाकू. घरात दोघंच. नाना अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते आणि तेही चांदवडकडचेच, एवढ्या ओळखीवर पहिला पगार होईपर्यंत काकूंनी मला रोज दोन्ही वेळा जेवायला घातलं. ते जेवण मी विसरलेलो नाही. नाना माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे, तरी मला "सर" म्हणायचे. रागावले तरी "अहो सर, अक्कल आहे का?" असं आदरानं रागवायचे.

दोन-तीन महिन्यांनी एखाद्या रविवारी नाना पहाटेच्या गाडीनं मुंबईला निघायचे. बरोबर गल्लीतला, कारखान्यातला, जो येईल तो. पहिल्याच वर्षी मीही गेलो. मुंबई मी तोवर पाहिली नव्हती आणि नानांइतक्या स्वस्तात ती दुसऱ्या कुणी दाखवली नसती.

त्यांचे नियम ठरलेले होते. तिकीट असेल तिथे आत जायचं नाही. भाकरी, ठेचा आणि कांदा घरून. टॅक्सीकडे बघायचंही नाही, बघितलं की ती थांबते. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे मान वर.

"खाली दुकानं, वर कोरीवकाम," ते सांगायचे. "दुकानं बघितली की हात खिशाकडं जातो. वरचं सगळं फुकट हाय. मान वर!"

मग फोर्टातल्या रस्त्यांवरून भाकरीच्या पिशव्या सांभाळत आम्ही सातआठ नाशिककर आकाशाकडे बघत चालायचो. कुणी हातगाडीला धडकायचं, कुणी खांबाला. आमचं बघून रस्त्यावरची माणसंही थांबून वर बघायला लागायची. "काय झालं? कोणी उडी मारतंय का?" असं एकानं घाबरून विचारलं होतं. नाना म्हणाले, "नाही हो. कमान आहे."

नानांच्या मते मुंबईत तीनच प्रकारच्या इमारती होत्या: टोकदार, घुमटी आणि गुळगुळीत. टोकदार म्हणजे व्ही.टी., हायकोर्ट, युनिव्हर्सिटी. घुमटी म्हणजे म्युझियम आणि मोठं पोस्ट. गुळगुळीत म्हणजे समुद्रासमोरच्या, गोल कोपऱ्यांच्या आणि लांब बाल्कन्यांच्या. गॉथिक हा शब्द मी पुस्तकात वाचला होता, पण ते काय असतं ते नानांनी मला दाखवलं आणि त्याच दिवशी त्याचं नावही बदलून टाकलं. आजही वर्गात गॉथिक म्हणताना माझ्या तोंडात आधी टोकदार येतं.

बाहेरून बघून झालं, की नाना जिन्याकडे वळायचे. रविवारी कचेऱ्या बंद असायच्या, दारात वॉचमन बसलेला असायचा. त्यासाठी नानांच्या पिशवीत द्राक्षं असायची. काकूंचा भाऊ पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये कामाला होता. परदेशी जाणाऱ्या मालात ज्या घडांचे मणी बारीक निघायचे ते बाजूला पडायचे, तेच नानांकडे यायचे. "भाऊ, नाशिकची द्राक्षं. खाऊन तर बघा," म्हणत नाना घड पुढे करायचे. वॉचमन तोंडात मणी टाकायचा. मग नाना हळूच म्हणायचे, "जरा जिना बघू का?" द्राक्षांचा हंगाम संपला की पेरू. पेरूवर मात्र तळमजल्याच्या वर कुणी जाऊ द्यायचं नाही.

आत गेल्यावर नाना वाकून पायरीच्या उभ्या बाजूला मूठ लावायचे आणि मुठीवर बोटं धरायचे. त्यांचं माप ठरलेलं होतं, एक मूठ आणि दोन बोटं. त्याहून उंच पायरी आली की च्यक् करून उठायचे. मग दोन पायऱ्या चढायचे, थांबायचे, एक पाय मुद्दाम ताठ धरून तिसरी चढायचे आणि कठड्याला हात लागतो का ते बघायचे. एका वॉचमननं विचारलं, "काका, काही हरवलं का?"

"नाही. सापडतंय का बघतोय."

परत येताना गाडीत मी विचारलंच. "नाना, हे काय चाललंय?"

"प्लॉट घेतलाय ना, सर. घर बांधायचंय. त्याला जिना नको का?"

जिना कुठल्याही गवंड्याला बांधता येतो, त्यासाठी मुंबई कशाला, हे मला कळेना. ते कळलं उन्हाळ्यात.

आमच्या ओळीवर सगळ्यांची मिळून एक गच्ची होती. चैत्र-वैशाखात गल्लीतल्या बाया सकाळीच पापड, कुरडया घालायला वर जायच्या. काकूंचा उजवा पाय लहानपणीच्या तापात गेलेला. गुडघ्यावर हात दाबून त्या सपाटीला चालायच्या, पण त्या गच्चीचा जिना म्हणजे भिंतीला उभी टेकवलेली शिडीच होती. म्हणून काकू खाली उंबऱ्यात बसून सगळ्यांसाठी पीठ मळायच्या, लाट्या करून मुलींच्या हाती वर पाठवायच्या. वरून मोठ्यानं हसण्याचा आवाज यायचा. काकू खालून विचारायच्या, "काय झालं गं? मला बी सांगा की!" आणि ते सांगायला खाली कुणी यायचं नाही.

एकदा मी शाळेतून येत होतो आणि नाना दारात उभे होते. आम्ही दोघांनीही ते ऐकलं. नाना मला म्हणाले, "हिला गच्चीवर न्यायचंय, सर. उचलून नाही. तिची ती गेली पाहिजे."

त्यानंतर मी त्यांच्या मुठीला हसलो नाही.

जिना सापडायला आणखी बरीच वर्षं गेली, आणि सापडला तो भलत्याच ठिकाणी. गिरगावाकडच्या एका जुन्या बाळंतिणींच्या दवाखान्यात. दुपारची वेळ, आम्ही दोघंच होतो. दवाखान्याचा वॉचमन द्राक्षांना बधेना. "पेशंटचं नाव सांगा," म्हणाला.

"पेशंट नाही. जिना बघायचाय."

तो काही बोलणार, एवढ्यात नाना आत सटकले. लाकडी जिना, दोन्ही बाजूंना कठडा, मध्ये ऐसपैस टप्पा. नानांनी मूठ लावली, बोटं लावली, पुन्हा लावली. मग ते चढून गेले, उतरून आले, पुन्हा चढले. अवघडलेल्या बायांसाठी बांधलेला जिना तो! त्यावर दम लागणारच नव्हता. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता, की पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या आजीबाईंनी कौतुकानं विचारलं, "काय झालं हो? मुलगा की मुलगी?"

"जिना!" नाना म्हणाले.

पुढच्या वर्षी अंबडच्या अलीकडे, नव्या वसाहतीत घर सुरू झालं. प्लॉट लहान, पैसा बेताचा. गवंड्यानं आखणी बघितली आणि कपाळाला हात लावला. पायऱ्या बुटक्या म्हणजे पायऱ्या जास्त, पायऱ्या जास्त म्हणजे जागा जास्त. पुढची खोली निम्मी जिन्यात जात होती.

"नाना, घर बांधताय का गोदावरीवर घाट?"

"तू बांध."

"अहो, पाहुणे आले तर बसतील कुठं?"

"जिन्यावर."

घर झालं. दीड खोली, मोरी आणि दारापुढून उघड्यावरच गच्चीपर्यंत गेलेला तो राजेशाही जिना. मीही तोवर लग्न करून त्याच गल्लीत भाड्यानं राहायला गेलो होतो. सत्यनारायणाला अख्खी गल्ली लोटली. पूजा झाल्यावर सगळे प्रसादाचे द्रोण घेऊन जिन्यापाशी जमले, कारण नानांच्या जिन्याची कीर्ती तोवर गल्लीभर झाली होती. समोरच्या घरातल्या शेवाळेबाई ओरडल्या, "सुमनताई, चढा ना! आम्ही बघतो!" कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. त्यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं.

काकूंनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला, कठडा धरला आणि मागे बघितलं. सगळी गल्ली शिरा खात त्यांच्या पायाकडे बघत होती.

"परसाद पुरतोय का बघते," असं म्हणून त्या आत गेल्या.

त्यानंतर महिना गेला. पोरं कठड्यावरून घसरगुंडी खेळली, मांजरं जिन्यावर झोपली, पण काकू काही चढल्या नाहीत. शेवाळेबाईंची खिडकी बरोबर जिन्यासमोर होती आणि त्या खिडकीतून रोज विचारायच्या, "मग? चढलात का?" एका संध्याकाळी मी नानांकडे बसलो होतो, तेव्हा नाना न राहवून म्हणाले, "चढून तर बघ एकदा."

"चढंन की. लोकं बघत्यात. सर्कस हाय का माझी?"

"मग रात्री चढ. कोणी नसतं."

"का? माझ्याच घरात चोरावानी चढू?" काकू म्हणाल्या. "लय केलंत तुम्ही. जिना छान झालाय. ऱ्हाऊ द्या आता."

 निम्म्या खोलीत नानांची खाट होती, तिच्यावर ते पाय घेऊन भिंतीकडे बघत बसले. एवढा उतरलेला माणूस मी पाहिला नव्हता.

आठवड्यानं त्यांनी मुंबईची सहल जाहीर केली. सगळ्या गल्लीची, लहान पोरांसकट. आणि खर्च त्यांचा. ज्या माणसानं मुंबईत कुणाला कटिंग चहा पाजला नव्हता, त्याच्या तोंडून हे ऐकून लोक काळजीत पडले. "नाना, तब्येत बरी आहे ना?" असं दोघांनी विचारलं. शेवाळेबाई म्हणाल्या, "मी नाही बाई येत. माझे गुडघे धरलेत."

"तुम्हाला टॅक्सीनं फिरवतो," नाना म्हणाले.

टॅक्सी! मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघेनात.

रविवारी आम्ही सगळे गेलो. काकू "मला नाय झेपायचं" म्हणून घरी राहिल्या. त्या दिवशी नानांनी कुणालाही मान वर करायला लावली नाही, एकाही पायरीला मूठ लावली नाही. पोरांना भेळ दिली, शेवाळेबाईंना खरोखर टॅक्सीत बसवून टोकदार, घुमटी, गुळगुळीत सगळं दाखवलं. दुपार कलल्यावर सगळे समुद्रासमोरच्या कट्ट्यावर टेकले. पोरं कंटाळली, बाया परतायचं म्हणायला लागल्या. आधीची गाडी सहज मिळाली असती.

"बसा हो," नाना म्हणत होते. "वारा चांगला आहे."

मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. "नाना, काकूंना एकटीला ठेवून आलात?"

"एकटीलाच ठेवायचं होतं, सर."

 मग ते पाण्याकडे बघत, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "सकाळचं काम उरकून चढली असंल. मधी टप्प्यावर बसली असंल जरा. आता उतरली बी असंल."

"मग निघू या की आता."

"नको, सर. पहिल्यांदा माझ्यासाठी चढली असंल ती. आता दुसऱ्यांदा तिला वाटलं म्हणून चढंल. तेवढं होऊ द्या."

मी उठलो आणि बायांना सांगितलं की आधीची गाडी रद्द झाली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालो, तर हाक आली, "सर, तुमच्या टाकीचं झाकण सरकलंय!" काकू गच्चीच्या कठड्याला रेलून उभ्या होत्या. समोरच्या खिडकीत शेवाळेबाई होत्या आणि काकूंनी त्यांनाही त्यांच्या पत्र्यावर पडलेली एक चप्पल दाखवून दिली होती. मी शिडी लावून झाकण सरळ करायला गेलो. "आणखी जरा डावीकडं," काकू सांगत होत्या. "हां. आता बसलं."

तेवढ्यात नाना दोन्ही हातांत दोन भरलेले कप घेऊन घरातून बाहेर आले आणि कठडा न धरता, एकेक पायरी, वर निघाले. चहा सांडला नाही.