ही बाई नको

घड्याळवाल्यांची बायको दुपारी एक वाजता डबा घेऊन दुकानात आली आणि पाचच मिनिटांत डबा तसाच उचलून परत गेली. चौतीस वर्षांच्या संसारात असं पहिल्यांदाच घडत होतं. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवलं.

"वहिनी परत का गेल्या हो?"

"मला काय माहीत?" डोळ्याचं भिंग न काढताच घड्याळवाले म्हणाले. "फोटो बघितला आणि गेली."

फोटो मीटरकाकांनी काढला होता. काका नोकरीत असताना विजेचे मीटर वाचायचे. एकतीस वर्षं ते लोकांच्या घरांत शिरले, जिन्याखाली वाकले, दाराआड घुसले आणि आकडे टिपून बाहेर पडले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की गावातली प्रत्येक भिंत आपल्याला पाठ आहे, माणूस मात्र एकही नीट पाहिलेला नाही. मग त्यांनी मुलाचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवला आणि त्याच गल्ल्या पुन्हा पालथ्या घालायला सुरुवात केली. छत्र्या दुरुस्त करणारा, हातानं पाट्या रंगवणारा, टाइपरायटरवर अर्ज लिहून देणारी बाई. जे जे आता फार दिवस दिसणार नाही असं वाटे, ते ते काका टिपून ठेवत.

दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत अशा हौशी मंडळींची बैठक भरे. शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगचे सर तिचे प्रमुख. आपला फोटो टेबलावर ठेवायचा, तोंड मिटून बसायचं आणि बाकीचे काय म्हणतात ते ऐकायचं, हा नियम. दाताच्या डॉक्टरांनी एकदा सुचवून पाहिलं होतं, "सर, आधी एखादी चांगली गोष्ट सांगूया का?"

"तुम्ही पेशंटला आधी त्याचे चांगले दात मोजून दाखवता का?" सरांनी विचारलं होतं. विषय तिथंच संपला.

शेवटी सर फोटो उलटा करत आणि मागं लाल पेन्सिलीनं शेरा लिहीत. वहीवर लिहावा तसा, ठळक अक्षरात. घड्याळवाल्यांच्या फोटोमागं त्यांनी लिहिलं होतं, 'ही बाई नको. उगाच मध्ये आली आहे. हिच्यामुळे म्हाताऱ्याची सगळी मजा गेली. पुढच्या वेळी काढून टाकावी.'

आणि काकांनी कबूल केल्याप्रमाणे तोच फोटो सोमवारी सकाळी घड्याळवाल्यांना नेऊन दिला. मागचा शेरा खोडायचं त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

संध्याकाळी घड्याळवालेच काकांच्या दारात उभे राहिले. "काका, तुम्ही माझं काय वाकडं केलंय ते आधी बघा," असं म्हणून त्यांनी फोटो पुढं केला. काकांनी तो उलटवून वाचला आणि चपला पायात सरकवल्या.

"चला, मी समजावतो वहिनींना."

समजावण्यात काकांचा हातखंडा नव्हता. आयुष्यभर त्यांचं लोकांशी बोलणं 'मीटर कुठंय?' एवढंच झालेलं.

"वहिनी, तो शेरा तुमच्यावर नाही," ते उंबऱ्यातूनच म्हणाले.

"मग फोटोत दुसरी बाई कुठली आहे?"

"तसं नाही. म्हणजे, तुम्ही कडेला आलात. अर्ध्याच आलात."

"चौतीस वर्षं पूर्ण येतेय मी!"

"अहो, ते सगळं रचनेमुळं आहे."

वहिनींनी हळूच नवऱ्याकडं वळून पाहिलं. "ही रचना कोण?"

घड्याळवाल्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांनी प्रश्नार्थक चेहऱ्यानं काकांकडं पाहिलं, आणि वहिनींना वाटलं, दोघांचं काहीतरी संगनमत आहे. जिन्यातून शिंपी वर येत होता. त्यानं शेवटचं तेवढं वाक्य ऐकलं आणि तो आल्या पावली परत फिरला. मंगळवारी दुकानं उघडेपर्यंत सगळ्या गल्लीला रचना माहीत झाली होती. ती टपाल कचेरीत असते, इथपर्यंत तपशील तयार होता.

बुधवारी तिसऱ्यांदा घड्याळवाल्यांनी दुपारी बिस्किटं खाल्ली. तेव्हा काका उठले आणि थेट सरांच्या घरी गेले.

"मी फोटोबद्दल लिहिलं होतं," सर म्हणाले. "आणि ते बरोबरच आहे."

"बरोबर असेल हो, पण तिथं येऊन सांगा."

सर आले. गुरुवारी दुपारी, खांद्याला कापडी पिशवी अडकवून. वहिनींनाही शिंप्यानं बोलावून आणलं होतं, कारण त्यालाही आता शेवट बघायचा होता. सरांनी फोटो काउंटरवर ठेवला आणि वहिनींच्या आकृतीवर पंजा ठेवला.

"आता बघा. भिंग, ती वाकलेली मान, मागं घड्याळांनी भरलेली भिंत. नजर कुठं जाते?"

"माझ्यावर कशी जाणार? तुम्ही हात ठेवलाय."

शिंप्याला ठसका लागला.

"हात काढा," वहिनी म्हणाल्या. "आणि आता मी बोलते, तुम्ही ऐका. ह्या भिंतीवर घड्याळं किती?"

"अकरा."

"वाजलेत किती?"

सरांनी चष्मा सारखा केला. एकात सव्वाचार, एकात दहा, एकात बाराला पाच कमी. सगळी दुरुस्तीला आलेली. कुणाचा कुणाशी मेळ नव्हता.

"मग फोटो कधीचा, कसं कळणार?" वहिनी म्हणाल्या. "मी डबा घेऊन दारात आले, म्हणजे एक वाजला. मी कडेला नाही आले. मी नुकतीच येतेय."

"खरं आहे," घड्याळवाले खाली मान घालूनच म्हणाले. "लोकांना वेळ लावून देताना मी आधी हिचं येणं बघतो. गेले तीन दिवस एकही घड्याळ भरवशानं दिलेलं नाही."

हे बोलणं चौतीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानाबाहेर ऐकू जाईल एवढ्या आवाजात झालं होतं. वहिनींनी पदराशी उगाच चाळा केला आणि डबा काउंटरवर ठेवला.

सर बराच वेळ फोटोकडं बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक जुनं पाकीट काढलं. त्यातला फोटो वहिनींपुढं ठेवला. बैठकीत सरांनी स्वतःचा फोटो कधी टेबलावर ठेवल्याचं काकांना आठवत नव्हतं.

"हा बघा बरं. कसा वाटतो?"

रिकामा वर्ग होता. तिरपं ऊन, ओळीनं बाक, स्वच्छ पुसलेला फळा.

"ऊन छान आलंय," वहिनी सांभाळून म्हणाल्या. "पण सर, ह्यात माणूसच नाही कुणी."

"माझा शेवटचा तास होता तो. मुलांना मीच बाहेर उभं केलं. फोटो नीटनेटका यावा म्हणून."

"किती होती?"

"बावन्न."

मग वहिनींनी पहिल्या बाकावर बोट ठेवलं. "इथं कोण बसायचं?"

"इथं? इथं बेकरीवाल्याची मुलगी. कायम हाताला पीठ." सरांचं बोट पुढं सरकलं. "इथं जुळे भाऊ. एकानं काढायचं, दुसऱ्यानं रंगवायचं. हा डावखुरा, ह्याचं कोपर शेजाऱ्याला सारखं लागायचं. ही फक्त घोडे काढायची, आंबा काढायला सांगितला तरी..."

घड्याळवाल्यांनी स्टूल पुढं सरकवलं. काका कॅमेरा गळ्यात असूनही नुसते ऐकत उभे राहिले. पन्नास मुलं झाली. मागची दोन काही केल्या आठवेनात. सर हिरमुसून घरी गेले.

संध्याकाळी काका जेवायला बसणार, एवढ्यात फोन वाजला.

"एक्कावन्नावा आठवला!" सर जवळजवळ ओरडलेच. "खिडकीशी बसायचा. चित्राला नेहमी चौकट काढायचा आणि आत काहीच नाही."

"आणि बावन्नावा?"



"तो त्या दिवशी गैरहजर होता," सर म्हणाले. "त्या बाईंना सांगा, माझी चूक झाली. एक्कावन्नच होती."